दहा मात्रा आणि एक खोली: स्टुडिओतले पाच दिवस

दिवस पहिला

विमानतळापासून स्टुडिओपर्यंत अडीच तास गाडीचा प्रवास, आणि त्या अडीच तासांत बाहेर काय दिसलं ते मला धड आठवत नाही कारण माझं सगळं लक्ष मागच्या सीटवरच्या तबल्याच्या पेटीकडे होतं. चार तबले आणि दोन डग्गे घेऊन आलो होतो, काळी एक, पांढरी दोन, पांढरी चार आणि पांढरी पाच अशा वेगवेगळ्या पट्ट्यांचे, कारण जॅझवाल्यांच्या गाण्यात स्वर कुठे मुक्काम करेल ते आधी सांगता येत नाही. विमानाच्या पोटातली हवा कोरडी असते, चामडं आखडतं. पोचल्या पोचल्या पेटी उघडली तर पांढरी दोनचा तबला जवळजवळ काळी दोनवर जाऊन बसलेला. हातोडी काढली नाही, नुसतं गवसणीतून बाहेर काढून खोलीच्या हवेत ठेवला. अशा वेळी घाई केली की वादी ढिली होते आणि मग आठवडाभर सूर सरकत राहतो.

बँड असा: पियानो, डबल बेस, ड्रम्स, टेनर सॅक्सोफोन, ऊद (अरबी तंतुवाद्य) आणि मी. सॅक्सोफोनवाल्याची आणि माझी तीन वर्षांपूर्वी एका वर्कशॉपमध्ये ओळख झाली, तेव्हापासून आम्ही एकमेकांना फाइली पाठवत होतो, तो तिकडे वाजवणार मी इकडे त्यावर वाजवणार असं. सगळे सहाजण एका छपराखाली येण्याची ही पहिलीच वेळ. पाच दिवस, पाच गाणी, एक अल्बम.

स्टुडिओ म्हणजे जुनं धान्याचं कोठार. मधे मोठी खोली, उंच लाकडी छत, कडेला काचेच्या दारांचे तीन बूथ, समोर कंट्रोल रूम, वरच्या मजल्यावर झोपायच्या खोल्या. पलीकडे अजून एक छोटा स्टुडिओ, त्याला सगळे बी रूम म्हणतात, तिथे एक कोरावादक स्वतःचा अल्बम करत होता. कोरा म्हणजे पश्चिम आफ्रिकेतलं २१ तारांचं वाद्य, मोठ्या भोपळ्यावर चामडं ताणून केलेलं, त्यामुळे मला ते बघताक्षणी आपल्या घरातलंच वाटलं. त्याच्याबद्दल पुढे.

पहिला दिवस वाजवायचा नसतोच मुळी, तो मांडणीचा. ड्रमरने ड्रम लावायलाच तीन तास घेतले. पियानो ट्यूनर सकाळपासून बसलेला होता आणि त्याने मला पहिली बातमी दिली की पियानो ४४२ वर आहे, म्हणजे त्याचा ‘ए’ हा स्वर ४४२ हर्ट्झला लावलाय. आपण साधारण ४४० धरून चालतो, पण ऑर्केस्ट्राच्या सवयीमुळे बऱ्याच ठिकाणी पियानो ४४२ वर ठेवतात आणि दोन-चार दिवसांसाठी तो खाली उतरवला तर तारा स्थिर राहत नाहीत. मग काय, बेस फिरवता येतो, ऊद फिरवता येतो, सॅक्सोफोनचं माउथपीस आतबाहेर करता येतं, तबल्याला हातोडी आहे. पियानो मात्र जागचा हलत नाही, सगळ्यांनी त्याच्याकडे जायचं. फरक फक्त दोन हर्ट्झचा पण शाईचा तबला इतका स्वच्छ सूर देतो की तेवढंही टोचतं. जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ या अल्बमचं उदाहरण मला तेव्हा आठवलं. १९५९ मध्ये त्याच्या पहिल्या दिवशीच्या सेशनला मुख्य टेप मशीन किंचित हळू चाललं होतं, त्यामुळे रेकॉर्डची पहिली बाजू वाजवताना थोडी चढीच ऐकू यायची, आणि हे दुरुस्त होऊन बाजारात आलं ते १९९२ मध्ये. इतकी वर्षं लोक त्या चढ्या सुराबरोबर बसून रियाज करत होते आणि आपलं वाद्य का जुळत नाही म्हणून वैतागत होते!

संध्याकाळी माझी पाळी. आमची इंजिनिअर बाई कमी बोलते. तिने आधी माइक लावलाच नाही. मला म्हणाली वाजव, आणि स्वतः एका कानावर हात ठेवून दुसरा कान घेऊन माझ्याभोवती फिरायला लागली, गुडघ्यावर बसली, तबल्याच्या वरून, मग बाजूने, मग डग्ग्याच्या मागे. मी तीनताल धरून ठेवला. पाच-सात मिनिटांनी एका ठिकाणी थांबली, तबल्यापासून हातभर लांब, चाटीच्या, म्हणजे तबल्याच्या कडेच्या पट्टीच्या, बाजूने थोडं वर, आणि जिथे तिचा कान होता तिथे माइक आला. डग्ग्याला वेगळा, जरा मोठ्या तोंडाचा, तो तर अजून लांब. मी आजवर जिथे जिथे रेकॉर्डिंग केलं तिथे माइक पुडीवर, म्हणजे वरच्या चामड्यावर, टेकवल्यासारखा लावतात, मग चाटीचा टणत्कार तेवढा येतो आणि ‘तिं’च्या मागची शेपटी येतच नाही, डग्गा नुसता फुगतो. हिने पहिल्या प्लेबॅकला ऐकवलं तेव्हा मला माझा तबला समोर बसून ऐकणाऱ्याला जसा ऐकू येत असेल तसा ऐकू आला. वाजवणाऱ्याला तो आवाज कधीच मिळत नाही. मी दोनदा ऐकवायला लावलं.

मग मला बूथमध्ये बसवलं आणि काचेचं दार लावलं.

दिवस दुसरा

सगळे आपापल्या बूथमध्ये. मी डाव्या, सॅक्सोफोन मधल्या, ऊद उजव्या, ड्रम मोठ्या खोलीत, पियानो त्याच खोलीत पण मधे जाड पॅनेल आणि वर ब्लँकेट, बेसवाला तर चक्क जिन्याखालच्या खोलीत. कानाला हेडफोन, त्यात प्रत्येकाला स्वतःचा मिक्स करता येईल असा छोटा डबा, आणि क्लिक, म्हणजे लय धरायला यंत्राचा टिकटिक ठोका. यामागचं कारण सरळ आहे, प्रत्येकाचा आवाज स्वतंत्र ट्रॅकवर स्वच्छ आला की कुणाचीही चूक नंतर पंच-इन करून, म्हणजे तेवढाच तुकडा पुन्हा वाजवून, दुरुस्त करता येते, बाकीच्यांना धक्का लागत नाही. आज बहुतेक रेकॉर्डिंग असंच होतं आणि त्यात वाईट काही नाही.

सुरुवातीला घेतलं ऊदवाल्याचं गाणं, दहा मात्रांचं. त्याच्याकडे त्या तालाला समाई म्हणतात. दहा मात्रा म्हटल्यावर मी घरून निघतानाच झपताल धरून आलो होतो आणि फाइलींवर तो बसतही होता, म्हणजे मला वाटत होतं बसतो. पहिला टेक, दुसरा, तिसरा. नऊ टेक झाले. कुणी चुकत नव्हतं. सम बरोबर येत होती, क्लिक सगळ्यांच्या कानात एकच होता, आणि तरीही गाणं लंगडत होतं. प्रत्येक आवर्तनात सुरुवातीला काहीतरी पायात यायचं आणि मग मधे कुठेतरी भोक पडायचं.

दुपारच्या प्लेबॅकनंतर मी आणि ऊदवाला कागद घेऊन बसलो. त्याची समाई अशी, दुम म्हणजे जड ठोका आणि तक म्हणजे हलका: दुम, दोन मात्रा मोकळ्या, तक, एक मोकळी, दुम दुम, तक, दोन मोकळ्या. म्हणजे तीन दोन दोन तीन. आपला झपताल धी ना, धी धी ना, ती ना, धी धी ना, म्हणजे दोन तीन दोन तीन. एकाखाली एक लिहिलं आणि मला चटकन दिसलं. त्याचे खंड सुरू होतात पहिल्या, चौथ्या, सहाव्या आणि आठव्या मात्रेवर, माझे पहिल्या, तिसऱ्या, सहाव्या आणि आठव्या. बाकी सगळं तंतोतंत एक, फरक फक्त एकाच जागी, मी तिसरीवर वजन टाकतोय आणि तो चौथीवर. पायात येतं ते हेच. आणि त्याहून मोठी गंमत सहाव्या मात्रेवर. तिथे आपली ‘खाली’, म्हणजे तालातली मोकळी हलकी जागा, डग्गा बंद, ‘ती ना’ नुसतं चाटीवर हलकं. आणि बरोब्बर तिथेच त्याचे ते दोन दुम दुम, त्याच्या तालातली सगळ्यात जड जागा! तो जिथे पाय रोवतो तिथे मी पाय उचलतोय. इतकी वर्षं मी झपताल वाजवतोय पण खाली ही दुसऱ्या कुणाच्या डोळ्यांनी कशी दिसत असेल याचा विचार कधी केलाच नव्हता.

कळलं म्हणून लगेच वाजलं असं मात्र नाही. मी सहावी-सातवीवर डग्गा उघडा वाजवून बघितला, तर तिथे बेसवाला आधीपासून खालच्या तारेवर तेच दोन ठोके देत होता. डग्ग्याचा घुमारा आणि डबल बेसची खालची तार, दोघंही त्याच खोल पट्ट्यात राहतात. दोन्ही एकदम आलं की सूर कुणाचाच कळत नाही, नुसता ढग होतो. मग मी कमी केलं, तर बेसवाल्यानेही कमी केलं. मग मी पुन्हा वाढवलं, त्यानेही वाढवलं. जिन्याखालचा माणूस मला दिसत नव्हता, माझा हात त्याला दिसत नव्हता.

हेडफोनचंही एक असतं. स्वतःचा आवाज नीट येईना म्हणून मी डब्यावर स्वतःला वाढवत गेलो, आणि कानात तबला मोठा झाला की हात आपोआप हलका पडतो, मग कंट्रोल रूममध्ये तबला बारीक. हेच थोड्याफार फरकाने सहाही जणांचं चाललेलं. संध्याकाळी नववा टेक ऐकला. एकेक ट्रॅक वेगळा ऐकवला तर प्रत्येकजण सुंदर वाजवतोय. सगळे एकत्र लावले तर सहा माणसं सहा खोल्यांत बसलेली ऐकू येतात.

रात्री वरच्या हॉलमध्ये कुणी फार बोलत नव्हतं. पियानोवाल्याने विषय काढला की क्लिक आणि बूथ दोन्ही सोडून मोठ्या खोलीत एकत्र बसू. सॅक्सोफोनवाला तयार नव्हता आणि त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, एकत्र बसलो की एकाची चूक सहा जणांच्या माइकमध्ये जाते, मग ती कायमची. बोलता बोलता जुन्या रेकॉर्डिंगवर गाडी आली. ‘काइंड ऑफ ब्लू’ न्यूयॉर्कच्या ३०व्या स्ट्रीटवरच्या स्टुडिओत झालं, ती इमारत आधी चर्च होती, उंच छताची, आणि २ मार्च व २२ एप्रिल १९५९ या दोनच दिवसांत सगळा अल्बम उरकला. न्यू जर्सीतला रेकॉर्डिंग इंजिनिअर रूडी व्हॅन गेल्डर, त्याचं मला फार कौतुक आहे, हा माणूस दिवसा लोकांचे डोळे तपासायचा आणि संध्याकाळी आईवडिलांच्या घरातल्या दिवाणखान्यात जॅझ रेकॉर्ड करायचा. पुढे १९५९ मध्ये त्याने एंगलवूड क्लिफ्सला स्वतःचा स्टुडिओ बांधला, त्यालाही उंच लाकडी छत, आणि ९ डिसेंबर १९६४ ला सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनच्या चौकडीने ‘अ लव्ह सुप्रीम’ तिथे एका सेशनमध्ये वाजवला.

मी त्यांना मोहनवीणावादक पंडित विश्वमोहन भट्ट आणि अमेरिकन गिटारवादक राय कूडर यांच्याबद्दल सांगितलं. १९९२ मध्ये सांता बार्बराच्या एका चॅपलमध्ये दोघं बसले, वाजवायला सुरुवात करण्याआधी जेमतेम ओळख झालेली, शेजारी तबला आणि दुंबेक हा अरबी ढोल, मधे स्टिरिओ माइकची एक जोडी. बूथ नाही काही नाही. त्या अल्बमला ग्रॅमी मिळालं. ड्रमरला हे माहीत नव्हतं, त्याने लगेच फोनवर लावलं आणि आम्ही सगळे ऐकत बसलो. इंजिनिअर बाई दारात उभी होती. संपल्यावर म्हणाली, सकाळी आठला खाली या, मी खोली मांडते.

दिवस तिसरा

खाली आलो तर पॅनेल भिंतीला लावलेली, आणि मोठ्या खोलीच्या फरशीवर चिकटपट्टीच्या सहा फुल्या. तिचं गणित तिने समजावून सांगितलं. आवाजाला एक मीटर जायला साधारण तीन मिलिसेकंद लागतात. सात मीटरवर बसलेल्या ड्रमरचा ठोका माझ्याकडे वीस मिलिसेकंद उशिरा येतो, आणि तेवढ्याने अंगाला कळतं की काहीतरी मागे ओढतंय, डोक्याला भले कळो न कळो. म्हणून सगळे अर्धवर्तुळात, कुणीही कुणापासून तीन मीटरच्या पलीकडे नाही. माझ्या डाव्या हाताला बेस, समोर ऊद.

आता एवढ्या जवळ बसल्यावर सगळ्यांचा आवाज सगळ्यांच्या माइकमध्ये शिरणार, त्याला ते लोक ब्लीड म्हणतात. त्यावर तिचा उपाय मला फार आवडला. तिने माझे माइक बदलून रिबन माइक आणले. रिबन माइक पुढून आणि मागून ऐकतो पण बाजूंनी जवळजवळ बहिरा असतो. तर तिने तो असा वळवला की त्याची बहिरी बाजू बरोबर ड्रमकडे येईल. माइक आपल्या वाद्याकडे रोखतात एवढंच मला माहीत होतं, तो कशाकडे पाठ फिरवतोय हेही तितकंच बघायचं असतं हे इथे शिकलो. तरी थोडं शिरणारच, पण तिचं म्हणणं, शिरू दे, ते छान वाटलं पाहिजे एवढंच मी बघते. हेडफोन काढून ठेवले. क्लिक बंद.

पहिला टेक वाया गेला कारण सगळे जोरात वाजवत होते, हेडफोनची सवय. ड्रमरने न सांगता काठ्या ठेवल्या आणि ब्रश घेतले. त्या एका गोष्टीने खोली बदलली. ब्रशचा आवाज झाकायचा नाही म्हणून पियानो खाली आला, पियानो खाली आला म्हणून ऊदच्या मोकळ्या तारा ऐकू यायला लागल्या, ऊद ऐकू येतोय म्हणून मी बोटांच्या टोकांनी वाजवायला लागलो.

आणि दुसऱ्या टेकमधे ती सहावी मात्रा सुटली. बेसवाल्याचा उजवा हात आता मला दिसत होता. सहावीच्या अलीकडे त्याचं कोपर किंचित मागे जातं, तेवढं बघितलं आणि मी डग्ग्यावरून हात उचलला, म्हणजे माझी खाली मी खालीच ठेवली, झपतालात असते तशी, आणि ते दोन दुम त्याला देऊन टाकले. वर माझं ‘ती ना’ चाटीवर, खाली त्याचे दोन जड स्वर. डग्गा आणि बेसचं कालपासूनचं भांडण तिथे मिटलं. जी जागा मी भरायला बघत होतो ती माझ्या तालात आधीपासून रिकामी ठेवलेलीच होती, फक्त तिथे कोण येऊन बसणार ते काल दिसत नव्हतं. तिसरीवरचा ‘धी’ मी काढला, तिथे नुसती बोटं फिरवली आणि वजन चौथीवर टाकलं, आता ऊदवाल्याचा ‘तक’ आणि मी एकाच जागी. त्याने मान वर करून माझ्याकडे बघितलं. त्याला मराठी येत नाही मला अरबी येत नाही, पण ती मान मला कळली.

तिसरा टेक. अकरा मिनिटं. ऊदवाल्याने मधे जे आलाप घेतले ते मी आयुष्यात विसरणार नाही, तालाच्या बाहेर गेल्यासारखा जायचा आणि चौथीवर येऊन अलगद टेकायचा, आम्ही पाचजण नुसते त्याला जमीन देत होतो. संपल्यावर शेवटची झांज विरेपर्यंत कुणी हललं नाही, आणि विरल्यावरही काही सेकंद नाही.

प्लेबॅकला सगळे गेलो. नवव्या मिनिटाला सॅक्सोफोनचा एक वरचा स्वर फाटलाय. वाजवताना मला कळलंही नव्हतं, पण रेकॉर्डिंगमध्ये आहे, स्पष्ट आहे. कालसारखे बूथमध्ये असतो तर पाच मिनिटांत तो एक स्वर बदलला असता. आता तो पियानोच्या माइकमध्ये आहे, ऊदच्या माइकमध्ये आहे, माझ्या रिबनमध्येही आहे. तिने एक प्रयत्न केला, आम्ही चौथा आणि पाचवा टेक घेतला आणि पाचव्यातली तेवढी चार आवर्तनं कापून तिसऱ्यात बसवून बघितली, सहाही जणांची एकदम, पूर्वी टेप ब्लेडने कापून करायचे तसं. लय जवळपास जुळली. पण सांध्यावर तबल्याचा सूर बदललेला ऐकू येत होता. तासभर वाजवून माझी पुडी किंचित उतरली होती आणि ते मला दोन टेकमध्ये जाणवलंच नव्हतं. एका केसाएवढं, पण तबला ‘ना’ म्हणताना एकदम दुसराच तबला होतो.

मग वाद झाला, चांगला तासभर. पियानोवाला आणि मी म्हणत होतो फाटलेल्या स्वरासकट तिसरा घ्या. सॅक्सोफोनवाला शांतपणे म्हणाला की तो स्वर मी आयुष्यभर ऐकू शकणार नाही, माझं नाव त्यावर आहे. त्याच्यापुढे बोलायला काही उरलं नाही. अल्बमवर पाचवा टेक जाणार. पाचवा चांगला आहे, बांधीव आहे, सगळं जागच्या जागी आहे. पण तिसऱ्यातला ऊद त्यात नाही, आणि मला अजूनही वाटतं की तिसराच घ्यायला हवा होता. ज्याचा स्वर त्याचा निर्णय, हेही मला मान्य आहे. दोन्ही एकदम वाटतं, काय करणार.

दिवस चौथा

आज गाडी सुसाट. एका दिवसात तीन गाणी. एकदा खोलीत बसायचं कसं ते कळलं की बाकीचं पटापट होतं, दोन गाणी तर दुसऱ्याच टेकला झाली.

अडलं ते फक्त एका ठिकाणी, ऊदवाल्याचं दुसरं गाणं, रास्त मकाममधलं. मकाम म्हणजे अरबी संगीतातला आपल्या रागासारखा प्रकार. रास्तमधला गंधार आपल्या शुद्ध आणि कोमलच्या मधे कुठेतरी असतो, निषादही तसाच. ऊदला पडदे नाहीत, तो बोट सरकवून तिथे पोचतो. पियानोवर ती पट्टीच नाही. आदल्या रात्री पियानोवाला जवळचे दोन स्वर एकदम दाबून बघत होता पण ते कानाला ओरखडे काढत होतं. शेवटी त्याने जे केलं ते इतकं साधं होतं, गंधार सोडूनच दिला. उजव्या हाताने नुसता षड्ज-पंचम आणि वर मध्यम, गंधाराच्या जागी काहीच नाही, आणि त्या मोकळ्या जागेत ऊदचा तो मधला गंधार असा उभा राहिला की बास. त्याला हे सुचायला वेळ लागला कारण जॅझ पियानोवाल्याला तिसरा स्वर सोडायचा म्हणजे कॉर्ड मेजर की मायनर हे सांगायचंच नाही असं होतं, त्याच्या सगळ्या शिक्षणाच्या विरुद्ध. मला सहावी मात्रा आठवली पण मी काही बोललो नाही.

रात्री बी रूममध्ये गेलो. कोरावाल्याचा अल्बम खरं तर दोघांचा होणार होता, कोरा आणि गायक, पण गायकाला व्हिसा मिळाला नाही, त्यामुळे हा एकटाच आला आणि सगळं सोलो करत बसलाय. संगीताच्या जगात हे नेहमीचं दुखणं आहे. १९९६ मध्ये हवानाच्या एग्रेम स्टुडिओत क्यूबा आणि मालीच्या वादकांचा एकत्र अल्बम ठरला होता, मालीचे वादक पोचूच शकले नाहीत, आणि मग हाताशी असलेल्या क्यूबन बुजुर्गांना जमवून जे झालं ते ‘बुएना व्हिस्टा सोशल क्लब’, जगभर गाजलं. लोक ती गोष्ट सुदैवाची म्हणून सांगतात. बी रूममध्ये त्याच्या शेजारी एक रिकामी खुर्ची आणि वापरला न गेलेला माइक बघितल्यावर मला त्यातलं न झालेलं रेकॉर्डिंग आठवत राहिलं.

तो तारा जुळवत होता. जुन्या पद्धतीच्या कोऱ्याला खुंट्या नसतात, दांड्यावर चामड्याची कडी असतात आणि ती मुठीत धरून वर-खाली सरकवायची, २१ वेळा. मी माझी हातोडी दाखवली, गट्ट्यावर ठोकून दाखवलं, त्याने माझा हात धरून त्या कड्यावर ठेवला. कडक चामडं, आपल्या वादीसारखंच, फक्त जाड. थोडं सरकवलं आणि तार वर चढली. अर्धा तास आम्ही दोघं चामडं कसं कोरड्या हवेत वागतं एवढंच बोलत होतो, अर्धं इंग्रजीत अर्धं हातांनी.

दिवस पाचवा

उरलेलं एक गाणं सकाळी दीड तासात झालं आणि मग रफ मिक्स, म्हणजे सगळे ट्रॅक एकत्र करून कच्चं मिश्रण. ईसीएमसारखी म्युनिकची रेकॉर्ड कंपनी दोन दिवस रेकॉर्डिंग आणि एक दिवस मिक्स अशा हिशेबाने कितीतरी अल्बम करत आली, तेव्हा आम्ही पाच दिवस घेतले म्हणजे सावकाशच म्हणायचं. त्याच कंपनीसाठी डिसेंबर १९८६ मध्ये ऑस्लोच्या रेनबो स्टुडिओत उस्ताद झाकिर हुसेन, पंडित हरिप्रसाद चौरसिया, जॉन मॅक्लॉफ्लिन आणि यान गार्बारेक या चौघांनी जे वाजवलं ते ऐकून मी सॅक्सोफोनबरोबर तबला वाजवायचं स्वप्न बघायला लागलो. बासरी, गिटार, सॅक्सोफोन, तबला. त्यात डबल बेस नाही आणि ड्रमसेट नाही, म्हणजे डग्ग्याला खाली सगळं रान मोकळं. इतकी वर्षं ऐकतोय पण ही गोष्ट मला या आठवड्यात, बेसच्या शेजारी बसल्यावर कळली. कुणी आता मला विचारलं की जॅझ बँडमध्ये तबला कसा वाजवायचा तर मी आधी विचारेन की तुमच्यात बेस आहे का.

मिक्सच्या वेळी इंजिनिअर बाईने माझा ट्रॅक एकटा सुरू केला. एकटा कसला, त्यात मागे पियानो, ब्रशची सळसळ, ऊदचा श्वास, सगळंच. मग तिने माझा ट्रॅक बंद केला, तर तबला तरीही ऐकू येत होता, बाकीच्या सगळ्यांच्या माइकमधून, थोडा लांबून, छतावरून आलेला. दोन्ही जोडले की तबल्याला खोली मिळते. कृत्रिम रिव्हर्ब, म्हणजे यंत्राने घातलेला घुमारा, तिने जवळपास लावलाच नाही.

दुपारी तीन वेगवेगळ्या डिस्कवर कॉपी झाली, एक स्टुडिओत राहणार, एक सॅक्सोफोनवाल्याकडे, एक पियानोवाल्याकडे. मी तिला विचारलं तिसरा टेक ठेवलास ना? तिने स्क्रीनवर दाखवला, नाव बदलून ठेवला होता, पुसला नव्हता.

तबले एकेक करून पुसले, गवसणीत घातले, पांढरी दोन परत आपल्या जागेवर येऊन स्थिर झाला होता. पेटी घेऊन मोठ्या खोलीतून निघालो तेव्हा स्टुडिओतला मुलगा फरशीवरच्या चिकटपट्टीच्या फुल्या सोलून काढत होता. पाच निघाल्या, बेसच्या शेजारची माझी तेवढी त्याने ठेवली आणि तिथे एक खुर्ची आणली. कोरावाल्याने एक गाणं मोठ्या खोलीत करायचं म्हणून मागून घेतलं होतं. गाडीला अजून वीस मिनिटं होती. मी जिन्यावर बसलो आणि तो एकवीस तारा जुळवेपर्यंत ऐकत राहिलो.